चाळीसवर अडकलेला काटा

१

सकाळी सातला खिंडीकडे निघालेली व्हॅन नऊ वाजता परत अंगणात शिरली, आणि सिर्गा बाहेर धावली. नारिन शहरातलं इस्पितळ चार तासांवर. दोन तासांत जाऊन परत यावं असं त्या वाटेवर काहीही नाही, नुसता बर्फ!

दार उघडलं. आत झूरा-जेंगे, सिर्गाची वहिनी, दोन रजयांत गुंडाळून आडवी पडली होती. आठवा महिना. पाय सुजून उशीएवढे झालेले, ओठ जांभळे, पापण्यांवर दंव. तिला उतरवायला तिघं लागली.

"बाबा, परत का आलात?"

"काटा बघ!" बाबांचा आवाज चिरकला होता. "बारा किलोमीटर चढलो, इंजिनाचा काटा चाळीसच्या वर जायला तयार नाही. हीटरमधून बर्फगार वारा. आमच्याच श्वासानं काच आतून गोठली. मी चमच्यानं खरवडत गाडी चालवतोय आणि खाली दरी! रेडिएटरपुढे पुठ्ठा लावला, गाडीच्या नाकावर गोधडी बांधली, तरी इंजिन गरम होतच नाही. आणखी तासभर गेलो असतो तर हिला तिथंच..."



गावातली नर्स मार्झिया, सगळ्यांची एजे म्हणजे ताई, मागून उतरली. तिनं जेंगेचा रक्तदाब पुन्हा मोजला आणि सिर्गाला बाजूला घेतलं. "एकशे ऐंशी. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत म्हणते. मी मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलंय, पण त्यानं फक्त वेळ मिळतो, पोरी. आज संध्याकाळपर्यंत ऑपरेशनच्या टेबलावर गेली नाही तर दोघांपैकी एक जाईल. कदाचित दोघंही."

"अँब्युलन्स?"

"दुसऱ्या खोऱ्यात गेलीय. रात्रीशिवाय येत नाही. आणि तीन वाजता रस्तेवाले खिंड बंद करणार, वादळ येतंय."

म्हणजे दीडच्या आत निघायला हवं. बाहेर उणे चौतीस. खिंड चढू शकणारी गावातली दुसरी गाडी मेंढ्या घेऊन बाजाराला गेलेली. उरली ही एकच, पावाच्या लादीसारखी दिसणारी करडी म्हातारी व्हॅन. सगळं गाव तिला पावच म्हणायचं.

"कुणीतरी मुद्दाम केलंय हे," बाबा दातओठ खात म्हणाले. "आणि कुणी केलंय ते मला माहितीये!"

आणि ते तरातरा फाटकाबाहेर पडले.

२

ते गेले थेट आळीतल्याच ओरोझालीच्या दारात. सिर्गा मागे धावली, पण तोपर्यंत अर्धी आळी कुंपणाला टेकून उभी होती.

"ऑक्टोबरात गवत आणायला माझी गाडी तू नेलीस!" बाबा ओरडत होते. "तुझ्यानंतर माझ्याशिवाय तिला कुणी हात लावला नाही! विकत हवी होती ना तुला? मी दिली नाही, म्हणून बिघडवून ठेवलीस! माझ्या सुनेच्या जिवावर उठलास!"

ओरोझाली दारात उभा होता. पन्नाशीचा, रुंद, एरवी गावभर टवाळ्या करत फिरणारा माणूस; गावातली पोरं त्याला बायके, म्हणजे काका, म्हणायची. आज त्याच्या तोंडातून थट्टेचा शब्द निघेना.

"दोलोत," तो शेवटी म्हणाला, "गाडी मला द्यायचं तुझ्या बापानं कबूल केलं होतं. तू मॉस्कोत भिंतींना गिलावा करत होतास तेव्हा. तो गेल्यावर तू परत आलास, नाही म्हणालास, मी गप्प बसलो. सप्टेंबरात तुझा बाप गेला तेव्हा त्याच्या अंगाला पाणी घालणाऱ्या पाच जणांत मी होतो. आणि तू मला चोर म्हणतोस?"

"चोर नाही. खुनी म्हणतो!"

ओरोझालीनं दार लावून घेतलं. इतकं हळू लावलं, की आपटलं असतं तर बरं, असं सिर्गाला वाटलं.

बाबा घरी आले आणि व्हॅनच्या पायरीवर डोकं धरून बसले. झाला तपास! पण सिर्गाला हे पटेना. गुन्हेगार ठरवायचा आणि मग गुन्हा काय ते बघायचं? गुन्हा काय झालाय हेच अजून कुणाला माहीत नव्हतं. आणि जिच्यावर तो झाला तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

म्हणजे व्हॅनला!

३

पावाचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधे, एका झाकणाखाली असतं. सिर्गानं झाकण उचललं आणि हात ठेवला. दोन तास चालून आलेलं इंजिन, आणि नुसतं कोमट!

तिनं एकेक शंका तपासली. पाणी कमी? काठोकाठ होतं. पंखा अडकलाय? मोकळा फिरत होता. काटाच खोटं बोलतोय? पण हात खोटं कसं बोलेल? काटा प्रामाणिक होता बिचारा.

मग तिनं तासभर गाडी थंड होऊ दिली. एक तास! आत जेंगे कण्हत होती आणि सिर्गा घड्याळाकडे बघत नखं खात होती. अकराला तिनं गाडी चालू केली आणि इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या जाड रबरी नळीवर हात ठेवला.

नववीच्या वर्षी, उन्हाळ्यात, मेंढ्या घेऊन वर डोंगरातल्या कुरणात असताना आजोबांनी तिला सांगितलं होतं: इंजिनात एक पितळी झडप असते, मुठीत मावेल एवढी. इंजिन गार असेल तोवर ती बंद. पाणी आतल्या आत फिरतं, चटकन तापतं. पुरतं तापलं की ती उघडते आणि पाणी रेडिएटरकडे गार व्हायला जातं. म्हणजे गाडी धडधाकट असेल तर ही नळी आधी बराच वेळ थंड राहील, आणि मग एकदम चटका देईल.

एक मिनिट. दोन मिनिटं.

तिच्या तळव्याला काहीतरी जाणवलं. अगदी थोडं. नळी कणाकणानं, इंजिनाच्या बरोबरीनं कोमट होत होती.

"बाबा!" सिर्गा किंचाळली. "पाना आणा! पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरला जातंय! आपण इंजिन तापवतोय आणि चौतीसची थंडी ते लगेच गार करतेय! झडप उघडी अडकलीय, नाहीतर..."

"नाहीतर काय?"

दोन बोल्ट होते. बाबांनी ते काढले, नळीचं टोपण वर उचललं, आणि दोघांनी एकदमच आत वाकून पाहिलं.

आत झडप नव्हतीच.

४

"चोरली!" बाबा उठलेच. "म्हटलं नव्हतं मी? ओरोझाली!"

"थांबा हो बाबा! चोर चोरी करून नीट सारवून जातो का?"

टोपणाखाली कागदी पट्टी होती, पाणी गळू नये म्हणून बसवलेली, कडेकडेनं कात्रीनं गोल कापलेली. तिला पांढरं काहीतरी फासलेलं होतं. सिर्गानं नखानं खरवडून वास घेतला. मेंढीच्या शेपटीची चरबी! गावात सगळे दुकानातली लाल पेस्ट लावतात, ओरोझालीच्या गोठ्यात तर तिच्या ट्यूबा लोळत पडलेल्या असतात. चरबी कोण लावतं? जिथून दुकान दोन दिवसांच्या वाटेवर आहे तिथला माणूस.

तिनं पट्टी हलकेच सोडवली आणि उलटी केली.

निळा जाड कागद. त्यावर शाईतली अर्धवट अक्षरं: "...र्गा, इयत्ता ९. भौति..."

बाबांनी वाचलं. मग तिच्याकडे पाहिलं.

"सिर्गा," ते अगदी हळू म्हणाले, "हे तुझं अक्षर आहे."

५

हो, तिचंच होतं! चोरानं चक्क तिच्याच वहीचा पुठ्ठा वापरला होता! क्षणभर सिर्गाला आपल्याच हातांची शंका आली. मग मात्र तिचं डोकं असं पळायला लागलं की बस.

ती घरात धावली आणि जेंगेच्या उशाशी बसली. मार्झिया-एजे डोळे वटारून म्हणाली, "तिला बोलवू नकोस."

"दोनच प्रश्न, एजे. जेंगे, ऐकतेस ना? आदिसदादा रशियाला कधी गेला?"

"नवरा माझा, आणि तारीख तू विचारतेस," जेंगे डोळे मिटूनच पुटपुटली. "एप्रिलात."

"जूनमध्ये आपण तंबू लादून कुरणात चढलो, तेव्हा गाडी उकळली होती?"

"तीनदा. आजोबांनी तिला ज्या शिव्या दिल्या त्या मी पोटातल्या बाळाला ऐकू देणार नाही."

"आणि जुलैत? मीठ आणायला खाली गेलो आणि मिठाची पोती घेऊन परत चढलो तेव्हा?"

जेंगेनं डोळे उघडले. "एकदाही नाही. तेवढंच ओझं, तेवढंच ऊन. मी म्हटलंही होतं, आज शहाण्यासारखी वागतेय."

सिर्गा उड्या मारतच बाहेर आली. उड्या मारायची ती वेळ नव्हती, पण पाय ऐकेनात!

"बाबा, नीट ऐका. नववीच्या वह्या मी जूनच्या त्या चढणीत चूल पेटवायला कुरणात नेल्या. खाली एकही परत आली नाही, सगळ्या जळाल्या. म्हणजे ही पट्टी कापली गेली ती वर कुरणात, आणि जूनच्या चढणीनंतर, जुलैच्या मिठाआधी. आदिसदादा तेव्हा रशियात, तुम्ही मॉस्कोत. ओरोझाली-बायके उन्हाळाभर गावात गवत कापत होते, वर फिरकलेच नाहीत. गाडी त्यांनी नेली ऑक्टोबरात, झडप गेल्यावर तीन महिन्यांनी!"

"मग वर होतं कोण?"

"मी. जेंगे. आणि आजोबा."



"चोरी झालीच नाही, बाबा. कुणी बिघडवलंही नाही. गाडी चढावर उकळायला लागली की जुने ड्रायव्हर उन्हाळ्यापुरती झडप काढूनच ठेवतात, मग पाणी सारखं गार राहतं. पहिला बर्फ पडला की परत बसवतात. आजोबा दरवर्षी करत असणार. तुम्ही सोळा वर्षं तिकडे, तुम्हाला कुठून कळणार? फक्त यंदा बर्फ पडायच्या आधीच..."

आजोबा सप्टेंबरात गेले होते, चहाची वाटी हातात असताना. कुणाला काही सांगायला सवडच मिळाली नव्हती.

"आणि हे इतके दिवस कळलं कसं नाही?"

"तेव्हा थंडी कुठं होती? शाळेपर्यंत जायचं आणि यायचं. चौतीस याच आठवड्यात आलीय."

बाबांनी तोंडावरून हात फिरवला. मग खडबडून उठले. "मरो ते. चिंधी कोंबू त्या भोकात!"

"आणि चढावर तापलं की उघडणार कोण, चिंधी? इंजिन उकळून फुटेल, तेही खिंडीत."

साडेबारा वाजले होते. झडप मिळणारं सगळ्यात जवळचं दुकान नारिनमधे. म्हणजे नारिनला जायला झडप हवी, आणि झडपेला नारिनला जायला हवं!

आतून मार्झिया-एजेची हाक आली. असा आवाज सिर्गानं तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "दोलोत! हिचे हात थरथरायला लागलेत! जे काय करायचं ते आत्ता!"

६

त्यांनी हत्यारांची पेटी उपडी केली. कोठी, गोठा, खोगिराच्या पिशव्या, तंबूच्या दोऱ्यांची गाठोडी. बाबा वेड्यासारखे फेकाफेक करत होते. "म्हाताऱ्या, ठेवलीस कुठं? सांगून तरी जायचंस!" ते रडत होते की शिव्या देत होते, त्यांनाही कळत नसावं.

सिर्गा मात्र अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं डोळे मिटले.

आजोबा काही लिहून ठेवत नसत. अक्षरांचा त्यांना कंटाळा. मग जूनमधे काढलेली वस्तू नोव्हेंबरात त्यांना आठवणार कशी? हत्यारांच्या पेटीत ठेवून नाही, पेटी रोज उघडतात, रोज दिसणारी वस्तू दिसेनाशी होते. ती अशा जागी हवी जिथं उन्हाळाभर हात जाणार नाही, आणि पहिल्या कडाक्याच्या दिवशी गेल्याशिवाय राहणार नाही.

पहिल्या कडाक्याच्या दिवशी माणूस काय करतो?

कोट घालतो. आणि खिशात हात घालतो!

"बाबा! त्यांचा मेंढीच्या कातड्याचा कोट! कुरणातही तो बरोबर होता, घडी करून उशाला. कुठाय तो?"

बाबांच्या हातातली पिशवी गळून पडली. त्यांचा चेहरा असा झाला, की सिर्गाला वाटलं कोट जाळला की काय.

"मयताचे कपडे अंघोळ घालणाऱ्यांना देतात," ते म्हणाले. "टोपी एकाला, बूट एकाला. कोट... कोट मी माझ्या हातानं ओरोझालीच्या खांद्यावर घातला होता."

७

सिर्गा पुढे पळाली. दार वाजवलं, हाक मारली, पुन्हा वाजवलं.

"कोण?"

"बायके, मी सिर्गा. आजोबांचा कोट बघायचाय. फक्त खिसा!"

ओरोझाली दार न उघडताच म्हणाला, "परत मागताय? खुन्याच्या घरात नको वाटतं बापाचा कोट?"

"नाही हो! त्यात..."

"तू लहान आहेस, तुझ्यावर राग नाही. ज्यानं आळीसमोर जीभ सोडली त्याला पाठव."

एक वाजायला आला होता. सिर्गा वळली, तर बाबा मागेच उभे. डोक्यावर टोपीसुद्धा नाही, त्या थंडीत. आणि कुंपणाला पुन्हा सगळी आळी! लोकांना उणे चौतीसमधे दुसरा उद्योग नसतो.

बाबांनी दार वाजवलं नाही. ते मोठ्यानं बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"ओरोझाली, मी खोटं बोललो. तू गाडीला काही केलं नाहीस. माझ्या बापाला मी शेवटची अंघोळ घालू शकलो नाही, विमान उशिरा पोचलं. तू घातलीस. आणि मी तुला खुनी म्हटलं. मला हवं ते म्हण, हव्या तितक्या वेळ म्हण, पण ते उद्या. आज माझी सून मरतेय."

दार उघडलं. ओरोझाली आत गेला, पेटीतून कोट काढून आणला. नीट घडी केलेला, मधे कापूरगोळ्या.

"एकदाही घातला नाही," तो म्हणाला. "आणि खिसे... मेलेल्या माणसाच्या खिशात मी हात घालत नाही. तू घाल. तुझा बाप."

बाबांनी उजव्या खिशात हात घातला. रिकामा. डाव्या खिशात घातला. रिकामा.

इतका सरळ विचार, इतका पक्का, आणि चुकला?

"आतला!" ओरोझाली अचानक म्हणाला. "म्हातारा तंबाखू आतल्या खिशात ठेवायचा, कातड्याच्या बाजूला!"

बाबांनी अस्तरात बोटं खुपसली आणि फडक्याची एक पुरचुंडी बाहेर काढली. गाठ सोडली. आत पितळ चमकलं.

८

झडप बसवायला बारा मिनिटं लागली. पट्टी सिर्गानं दहावीच्या वहीच्या पुठ्ठ्यातून कापली. पेस्ट ओरोझालीनं आणली, लाल, चिक्कार. "चरबीवर भरवसा नको, तुझ्या आजोबाला काही कळत नव्हतं," तो म्हणाला, आणि लगेच आकाशाकडे बघून माफी मागितली.

गाडी चालू झाली. सिर्गानं नळीवर हात ठेवला. थंड. एक मिनिट थंड. तीन मिनिटं, थंड. आयुष्यात कुठल्याही थंड वस्तूनं तिला इतका आनंद दिला नव्हता! काटा मात्र चढत होता. चाळीस. पन्नास. साठ.

एक वाजून पंचवीस मिनिटांनी पाव निघाली. बाबा गाडी चालवायला, शेजारी ओरोझाली, कारण खिंडीतलं प्रत्येक वळण त्याला पाठ. मागे जेंगे, मार्झिया-एजे आणि सिर्गा.

खिंडीच्या फाटकावर रस्तेवाल्यानं घड्याळ दाखवलं. तीनला दहा कमी. ओरोझालीनं खिडकीतून डोकं काढून त्याला असं काही सुनावलं, की त्यानं आडवा दांडा मुकाट्यानं वर उचलला. वर वारा सुटला होता, बर्फ आडवा उडत होता. पण काच स्वच्छ होती आणि काटा ऐंशीवर ठाम उभा होता.

मागून बारीक आवाज आला. "सिर्गा..."

"काय जेंगे? काय होतंय? एजे, बघा हिला!"

"काच जरा खाली कर," जेंगे म्हणाली. "उकडतंय."

बाबांचे खांदे गदागदा हलत होते. ओरोझालीनं हात पुढे करून चाक सावरलं. "रस्त्याकडे बघ, दोलोत. रडायचं असेल तर उतारावर रड, इथं वळण आहे."

साडेपाचला नारिनच्या इस्पितळात जेंगेला ऑपरेशनला आत नेलं. मग लांबलचक हिरवी भिंत, एक बाक, आणि त्या बाकावर दोघं गडी शेजारी शेजारी, अजूनही एकमेकांशी धड न बोलणारे. सिर्गा बाकाच्या टोकाला बसली होती. दाराखालून दिव्याची रेघ दिसत होती. तिच्यावर एकदा सावल्या पळाल्या, पुन्हा पळाल्या, मग कितीतरी वेळ काहीच हललं नाही. सिर्गानं दुनियेतल्या सगळ्या शंका तपासून पाहिल्या, पण या दाराआडचं कोडं काही नळीला हात लावून सुटणारं नव्हतं.

सातला दार उघडलं. तिथल्या नर्सनं तोंडावरचा मास्क खाली ओढला.

"मुलगी आहे. जेमतेम दोन किलो, पण रडतेय भरपूर. आईचा दाब उतरलाय, शुद्धीवर आहे." तिनं हातातल्या, कपड्यात गुंडाळलेल्या बाळाकडे आणि मग बाकाकडे पाहिलं. "बाळाचे आजोबा कोण?"

बाबा चटकन वळले आणि बाहेरच्या दाराकडे बघायला लागले, आजोबा येतच असतील, फक्त थोडे मागे राहिले असतील, अशा नजरेनं. दार बंद होतं. ते तसेच बघत राहिले.

ओरोझालीनं त्यांना कोपरानं ढोसलं.

"अरे, ऊठ," तो म्हणाला. "तूच."